ऑइल बघूनच लिहितेय, काका

ती. काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण फोनवर तुमचे आभार मानताच येत नाहीत. "काका, खरं सांगू, तुम्ही नसता तर..." इथपर्यंत आलं की तुम्ही मध्येच विचारता, "ते राहू दे, ऑइल बघितलंस?" मी बघितलेलं नसतं. विषय तिथेच संपतो. आज सकाळी माझ्या जुन्या पिकअपचं ऑइल बघितलंय. काडीवर वरच्या खुणेच्या जरासं खाली आहे. तेव्हा आता मुकाट्याने शेवटपर्यंत वाचा.

तुम्हाला सगळं माहीतच आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. मी कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत राहते आणि मातीचे गणपती करते. इथे माती पन्नास पौंडांच्या खोक्यांत मिळते. हंगामाआधी एका खेपेला वीस खोकी लागतात, म्हणजे हजार पौंड, आपल्या हिशेबात साडेचारशे किलो. पहिली दोन वर्षं मी ती नवऱ्याच्या गाडीच्या डिकीतून सहा-सहा करून आणली. गाडीचं बूड रस्त्याला टेकलं आणि नवऱ्याचा आवाज चढला. नवे पिकअप बघायला गेले, तर हौदा माझ्या छातीला लागत होता. ओली मूर्ती छातीच्या उंचीवर चढवायची म्हणजे सोंड गेलीच समजा. कोजागरीला मंडळात मी सहज म्हटलं, की कुणाला जुना, बुटका पिकअप दिसला तर सांगा. तुम्ही दूध ओतता ओतता म्हणालात, "रोटरी बघितलीस कधी?"

मला वाटलं, तुम्ही क्लबाबद्दल बोलताय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या गॅरेजमध्ये आलात आणि माझ्याच मातीचा एक गोळा घेऊन लाटायला बसलात. भुईमुगाच्या दोनदाणी शेंगेसारखा, मध्ये जरा आवळलेला एक खळगा केलात. त्यात समोशासारखा फुगीर त्रिकोण ठेवलात आणि बोटाने फिरवून दाखवलात. त्रिकोणाचं टोक खळग्याच्या भिंतीवरून कधीच सुटत नाही. तीन बाजूंना तीन कप्पे होतात. एकात पेट्रोल-हवा येते, दुसऱ्यात दाबली जाते, तिसऱ्यात जळून बाहेर पडते, आणि फिरता फिरता प्रत्येक कप्प्याची पाळी येते. पिस्टन नाही, व्हॉल्व नाही, वरखाली काहीच नाही. तो त्रिकोण म्हणजे रोटर, आणि हेच रोटरी इंजिन. रोटर एकदा फिरला की शाफ्ट तीनदा फिरतो. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाची कल्पना, पण ती तडीस नेली जपानात माझदाने. मी अर्धा तास तो त्रिकोण फिरवत बसले होते. तो मातीचा साचा मी नंतर भाजून ठेवलाय. खिडकीत आहे, पुढच्या वेळी बघा.

माझदाचा रोटरी पिकअप फक्त अमेरिका आणि कॅनडात विकला गेला, १९७४ ते १९७७. खुद्द जपानातही मिळाला नाही. रोटरी इंजिन घातलेला कारखान्यातला पिकअप दुसऱ्या कुणीच काढला नाही. सगळे मिळून पंधरा हजारांच्या आसपास निघाले आणि त्यातले बहुतेक पहिल्याच वर्षाचे. नशीब बघा: १९७३ च्या शेवटी तेलाचं संकट आलं, पंपांवर रांगा लागल्या आणि नेमकी तेव्हाच ही पेट्रोल पिणारी बाई बाजारात उतरली. दोन रोटर, १३०८ सीसी, ११० हॉर्सपॉवर. आकाराने आपल्याकडच्या छोट्या टेम्पोपेक्षा फार मोठी नाही, आणि हौद्याची कड माझ्या कमरेच्या जरा वर येते. माझ्यासाठी यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची होती.

तुमचे पहिले आभार मानायचे आहेत ते तीन नकारांचे.

पहिली गाडी फ्रेस्नोला, चकाचक केशरी. फाळक्यावर रोटरी पॉवर लिहिलेलं, मागे गोल दिवे, फुगीर मडगार्ड. मी पैसे मोजायच्या बेतात. तुम्ही बॉनेट उघडलंत आणि बॅटरीवर बोट ठेवलंत. "ही इथं काय करतीया?" खऱ्या रोटरी पिकअपची बॅटरी हौद्याखाली असते. मग चॅसी नंबर बघितलात. सुरुवात पीए१३६एस अशी हवी, ती नव्हती. साध्या पिस्टनवाल्या माझदाला कुणी तरी हौसेने साज चढवला होता. दुसऱ्या गाडीत कुणी अमेरिकन व्ही-८ कोंबलं होतं. त्या मालकाला तुम्ही एवढंच म्हणालात, की इंजिन छान आहे, गाडी कुठाय?

तिसरी मात्र खरी होती आणि चालूही होती. माझा जीव तिच्यावर बसला होता. तुम्ही एक प्लग काढलात, मला सेल्फ मारायला लावलात आणि डोळे मिटून उभे राहिलात. फुस, फुस... फुस. फुस, फुस... फुस. मला काही कळेना. एकादशीच्या भजनात तबल्यावर बसता, तसे तुम्ही बॉनेटवर बोटं वाजवून दाखवलीत. "दादरा धर. पुढच्या रोटरचे तीन फुसके, मागच्याचे तीन. धा धी ना, धा ती ना. सगळे सारखे पाहिजेत. हिची तिसरी मात्रा पडतीया." रोटरच्या टोकाला बसवलेली पट्टी झिजली किंवा तुटली की ती बाजू दाब धरत नाही. मालक म्हणत होता, एक लांब चक्कर मारली की मोकळी होईल. परत येताना मी गाडीत रुसून बसले होते. लोडायपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. माफ करा.

आणि लोडायलाच तर ती सापडली. द्राक्षमळ्यातल्या एका शेडमध्ये, अकरा वर्षं उभी. वर कोंबड्यांची विष्ठा, आत उंदरांचं बाळंतपण. निळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, म्हणजे कॅलिफोर्नियातली मूळचीच पाटी. बंद पडलेली, म्हणून साडेचार हजार डॉलरला. तुम्ही गाडीखाली सरपटत गेलात, फ्रेमवर पान्याने टकटक करत बाहेर आलात आणि पँट झाडत म्हणालात, "घे." बाकी काही नाही. तीन नकारांना तुम्ही प्रत्येकी तासभर दिला होता, होकाराला एक शब्द.

दुसरं कुणी असतं तर बॅटरी लावून सेल्फ मारला असता. तुम्ही प्लगच्या भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडलंत आणि म्हणालात, घरी जाऊन स्वयंपाक कर. दोन दिवसांनी एकोणीसचा पाना माझ्या हातात दिलात आणि पुढच्या बोल्टवरून इंजिन हाताने फिरवायला लावलंत. तुम्ही हात मागे बांधून उभे. जोर लावला की "हळू, त्याला विचारून फिरव." चिकटून बसलेल्या पट्ट्या जबरदस्तीने फिरवल्या तर तुटतात. तिसऱ्या दिवशी पाना अचानक हलका झाला आणि आतून एक लांब उसासा आला. तुम्ही हसलात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभं राहून, मग स्टॉकटनच्या गॅरेजात असली इंजिनं दहा वर्षं उघडूनही तुम्हाला त्या उसाशाचं हसू येतं, हे मला फार आवडलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना इथे धुराची तपासणी नाही, त्यामुळे आमची सुटली. पण पिकअप घेतला की कॅलिफोर्निया सरकार तुम्हाला व्यापारीच समजतं आणि वजनाचा वेगळा कर लावतं. गणपती न्यायचे असले तरी.

आता ट्रेलर. भट्टी रीनोला मिळाली, वापरलेली, म्हणून एक छोटा ट्रेलर भाड्याने आणला. गाडीच्या मागच्या बंपरवर आधीच्या मालकाने एक गोळा बसवलेला होताच. मी ट्रेलर त्यावर टेकवला, कडी लावली आणि तुम्हाला फोटो पाठवला. तुम्ही फोटो बघून फोन केला नाहीत, सरळ घरी आलात. ट्रेलरचा दांडा धरून वर उचललात आणि तो गोळ्यावरून सुटून तुमच्या हातात आला. ट्रेलरचा खोबा दोन इंची गोळ्याचा, बंपरवरचा गोळा एक इंच सात सूत. एका सुताचा फरक, डोळ्याला दिसत नाही आणि पहिल्या खड्ड्यात ट्रेलर मोकळा. गोळा तर बदललातच, पण बंपरचा पत्राही तुम्हाला पसंत पडेना. फ्रेमला बोल्टने धरणारा हूक तुम्ही तुमच्या अंगणात वेल्ड केलात. पैसे विचारले तर म्हणालात, वेल्डिंगचं मशीन गंजत पडलं होतं, त्याला व्यायाम झाला.

त्या रीनोच्या फेरीत तुम्ही शेजारी बसला नसता तर आज ही गाडी माझ्याकडे नसती. परतताना डॉनर समिटचा घाट, सव्वासात हजार फूट. मी सवयीप्रमाणे लवकर वरचा गिअर टाकायला गेले. तुम्ही फक्त इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्याकडे बोट दाखवलंत. या इंजिनाला खालच्या फेऱ्यांत जोर नाही. दबलेल्या आवाजात ओढायला लावलं तर गरम होतं, आणि गरम झालेलं रोटरी म्हणजे संपलेलं रोटरी, कारण बाजूचे भाग बिडाचे, मधले अ‍ॅल्युमिनियमचे, दोन्ही सारखे फुगत नाहीत. "चार हजारांच्या खाली येऊ देऊ नको. ओरडू दे तिला, तिला ओरडायला आवडतं." तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी पन्नास मैल, एक डोळा पाण्याच्या काट्यावर. वर हवा विरळ, कार्बोरेटरला ते कळत नाही, त्यामुळे केबिनभर पेट्रोलचा वास.

आणि मला वाटलं होतं की चढ संपला म्हणजे संकट संपलं! उतारावर पाय सोडला तर गाडी काही अडेना. हे इंजिन गाडीला फार रोखून धरत नाही, हे मला माहीत नव्हतं. मागून ट्रेलर ढकलतोय, पुढे उतार. तुम्ही शांतपणे म्हणालात, "उतार दिसायच्या आधी गिअर उतरवायचा. ब्रेक दाबून धरायचा नाही, दाबायचा, सोडायचा." ऑबर्न येईपर्यंत माझ्या तळहातांचा घाम स्टिअरिंगवरून ओघळत होता. तुम्ही मात्र शेंगदाण्याचा लाडू सोलल्यासारखा कागदातून काढून खात होतात.

चतुर्थीच्या आदल्या दिवसाचं प्रकरण लिहू की नको? लिहितेच. अंगण धुवायला म्हणून मी गाडी चालू केली, वीस फूट मागे घेतली आणि बंद केली. तुम्ही शंभरदा सांगितलं होतं, की चालू केलीस तर गरम होईपर्यंत बंद करायची नाही. दुसऱ्या दिवशी चौदा मूर्ती पोचवायच्या आणि गाडी ओव्हरफ्लो. सेल्फ फिरतोय, आत नुसतं पेट्रोल. पहाटे साडेपाचला तुम्हाला उठवलं. तुम्ही एकदाही "सांगितलं होतं ना" म्हणाला नाहीत. पेट्रोलचा पंप बंद कर, प्लग काढ, सेल्फ मारून आतलं पेट्रोल उडव, प्लग पूस, तव्यावर शेक, प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल. मी पोळ्यांच्या तव्यावर चार प्लग शेकले. गाडी चालू झाली तेव्हा एवढा पांढरा धूर निघाला, की समोरच्या घरातून आजीबाई फोन हातात घेऊन बाहेर आल्या, अग्निशमन दलाला बोलावू का विचारत. तुम्ही फोनवर ओरडून सांगितलंत, "धूपारती चाललीया म्हणावं!"

पण सगळ्यात मोठे आभार एका साध्या गोष्टीचे. हे इंजिन इतकं मऊ चालतं, की उभ्या गाडीत पाण्याचा पेला हलत नाही. मी खूश, की मूर्तींना हादरा बसणार नाही. पहिल्याच खेपेत तीन मूर्तींच्या मनगटांना तडे. इंजिनाचा दोष नव्हता. मागचे स्प्रिंगचे पाटे ओझं वाहायला केलेले, रिकाम्या हौद्याला ते चेंडूसारखे उडवतात. मी फोम आणला, गाद्या घातल्या, तरी तडे पडतच राहिले. तुम्ही एका रविवारी आलात, गॅरेजमधली मातीची सहा खोकी उचलून मागच्या चाकांच्या बरोबर वर ठेवलीत, वर फळी, फळीवर गादी. "पाट्याला काम दिलं की तो गप बसतोया." तीनशे पौंड माती फुकट फिरवायची! पेट्रोल तेवढं जास्त जातं, गॅलनला सोळा मैलांचे चौदा होतात. तेव्हापासून एकही मनगट गेलेलं नाही. दरवर्षी गणपती त्याच सहा खोक्यांच्या मातीवर बसून जातात, आणि ती खोकी मी अजून फोडलेली नाहीत. त्यांच्यावर तुमच्या हातचे ग्रीसचे डाग आहेत.

झालं. हे इतकंच मला दोन वर्षं फोनवर म्हणायचं होतं आणि तुम्ही म्हणू दिलं नाहीत.

काकूंना नमस्कार. लोणच्याची बरणी माझ्याकडे आहे, आठवणीने आणते. आणि हो, डावीकडे वळताना पुढच्या चाकाकडून कट् असा आवाज यायला लागलाय, फक्त वळतानाच, ब्रेक लावला की थांबतो. रविवारी फोनवर ऐकवीन, पण आधी तुम्ही हे पत्र पूर्ण वाचलंत असं सांगायचं. तोपर्यंत नाही ऐकवणार.

तुमची,
मातीवाली