आई-बाबा, दोघांनी एकत्र बसून वाचा

नागपूर, 19 नोव्हेंबर, रात्र

ती. आई-बाबांना,
सा. न.

हे पत्र शेजारच्या दादाच्या हाती पाठवते आहे. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा आणि आईसाठी मधला एकही शब्द गाळू नका. फोनवर मला हे जमत नाही. आई "हॅलो" म्हणते, तिचा आवाज भरून येतो आणि मी भलतंच काहीतरी सांगून फोन ठेवते.

"रक्त कमी झालंय, भरती केलंय," असं गेले बारा दिवस मी तुम्हाला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. धाकटीला ल्युकेमिया झाला आहे. रक्ताचा कॅन्सर. 8 तारखेला दुपारी कळलं आणि त्याच संध्याकाळी औषध सुरू झालं. बाबांचं बीपी आहे, आई जेवण सोडेल, थोडं स्थिरावलं की सांगू, असं म्हणत मी दिवस ढकलले. ती तुमची मुलगी आहे. मी हे लपवायला नको होतं. मला माफ करा.

आता सगळं सांगते, जसं मला कळलं तसं.

दिवाळीला घरी आली तेव्हाच ती पांढरीफटक दिसत होती. आपण सगळ्यांनी म्हटलं, अंगावर दूध पाजते, रात्रीची झोप नाही, होईल भरून. इथे एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले. साधी रक्ताची तपासणीसुद्धा सांगितली नाही. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं. पाळी सुरू होऊन अठरा दिवस झाले तरी थांबली नव्हती, पण हे तिने कुणालाच सांगितलं नाही, मलाही नाही. असल्या गोष्टी अंगावर काढायच्या हे आपण तिघी एकमेकींकडूनच शिकलो, आई. शेवटी नाकातून आलेलं रक्त तासभर थांबेना, तेव्हा जावयांनी रात्रीच गाडी काढली. हिमोग्लोबिन 6.8, पांढऱ्या पेशी 1,200, प्लेटलेट 11,000. चांगल्या माणसाच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतात.

ल्युकेमियाचे प्रकार असतात. तिचा जो आहे त्याला डॉक्टर एपीएल म्हणतात. यात रक्त गोठायची सगळी व्यवस्थाच बिघडते, म्हणून सुरुवातीचे दोन-तीन आठवडे फार धोक्याचे. डोक्यात रक्तस्राव होण्याची भीती असते. बाबा, हे वाक्यही आईला वाचून दाखवा. पण त्याच डॉक्टरांनी दुसरी गोष्टही सांगितली: एवढे दिवस निभावले तर ल्युकेमियाच्या सगळ्या प्रकारांत हा सर्वात जास्त बरा होणारा. दहातले नऊ जण बरे होतात. पांढऱ्या पेशी कमी असल्यामुळे तिला नेहमीची केमो द्यावी लागणार नाही, म्हणून केस बहुतेक जाणार नाहीत. (आई, तू पहिल्यांदा हेच विचारशील हे मला माहीत आहे. तिनेही हेच विचारलं.) हाडातली मज्जा बदलायचीही आत्ता गरज नाही.

औषधं दोन आहेत. एक 'अ' जीवनसत्त्वापासून केलेल्या गोळ्या. कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासायला पाठवली होती, पण तो रिपोर्ट यायची वाट न बघता, नुसत्या काचेवरच्या रक्तावरून संशय येताच त्यांनी गोळ्या सुरू केल्या, कारण या आजारात एक रात्रसुद्धा महाग पडते. या गोळ्या रोगट पेशींना मारत नाहीत, पिकवतात. तिच्या मज्जेत पेशी कच्च्याच अडून बसल्या आहेत. झाडावर हिरवी राहून अडलेली फळं पिकावीत आणि आपोआप गळावीत, तसं होतं.

दुसरं औषध शिरेतून देतात. बाबा, ते सोमल आहे. हो, तोच, उंदरांना घालतात तो. पहिल्या दिवशी नाव ऐकून माझेही हातपाय गार पडले होते. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी 1970च्या दशकात तो या आजारावर वापरायला घेतला, आणि शांघायच्या डॉक्टरांनी 1980च्या दशकात त्या गोळ्या. आपल्या वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात तर नुसत्या सोमलावरही रुग्ण बरे करून दाखवले आहेत. अगदी मोजून देतात. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून सारखा ईसीजी काढतात, रक्तातलं पोटॅशियम बघतात. तेव्हा गावात कुणी "पोरीला विष देतात" म्हणालं तर तुम्हाला उत्तर माहीत असू द्या.

सातव्या दिवशी तिला एकदम दम लागला. अंगावर सूज, वजन दोन दिवसांत चार किलो वाढलेलं, ताप. पेशी एकदम पिकायला लागल्या की असं होऊ शकतं, आणि डॉक्टर त्यावर डोळा ठेवूनच होते. ऑक्सिजन लावला, स्टेरॉइड दिलं, तीन दिवसांत उतार पडला. त्या रात्री तुमचा फोन आला होता आणि मी "झोपली आहे" म्हटलं होतं. काल ती स्वतःच्या हाताने वरणभात जेवली.

आई, आता तुझ्याशी बोलते. हा आजार आपल्या घराण्यातून आलेला नाही. तिच्या मज्जेतल्या कुठल्याशा एका पेशीत पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्राचे तुकडे तुटले आणि एकमेकांच्या जागी चिकटले. जन्मतः ते नव्हतं, आणि आपल्या लेकीला, छकुलीला, ती हे देणार नाही. दुधातून नाही, हातातून नाही, श्वासातून नाही. तुझे डिंकाचे लाडू कमी पडले नाहीत. सव्वा महिना तू तिला शेकलंस, न्हाऊ घातलंस, ते काही वाया गेलं नाही. कुणाची नजर लागली म्हणून कुणाचं नाव घेऊ नकोस. कोराडीच्या देवीला नवस बोललीस तर बोल, मीही बोलले आहे. फक्त उपास धरू नकोस, तुझ्या अंगात ताकद लागणार आहे.

आणि जावयांबद्दल. दिवाळीत तिच्या दंडावर, मांडीवर काळेनिळे डाग होते. तू मला आत बोलावून हळूच विचारलं होतंस, त्याने हात तर नाही ना उगारला? मी तुला गप्प केलं, पण माझ्याही मनात तेच आलं होतं. इथे आल्यावर मी तिला एकटीला गाठून विचारलंसुद्धा. ती रडली, म्हणाली, ताई, मलाच कळत नाही कुठून येतात. त्या डागांमागे कमी झालेल्या प्लेटलेट होत्या. आपण त्या माणसावर संशय घेतला, त्या वेळात तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं. तो बारा रात्री वॉर्डाबाहेर बाकावर झोपला आहे. तिच्या उलटीचं भांडं तो धुतो. बाबा, तुम्ही आलात की आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवा. त्याला काही सांगायची गरज नाही, पण हात ठेवा.

आता छकुली. तिच्याचसाठी मुख्य हे पत्र.

दहा महिन्यांचं पोर एका रात्रीत आईवरून तुटलं. या औषधांवर असताना पाजता येत नाही. धाकटीला दूध आटवायची गोळी दिली, तरी पहिले तीन दिवस तिची छाती दगडासारखी झाली होती. नर्सबाई म्हणाल्या, दाबून काढायचं नाही, आत रक्त साकळेल. शेजारच्या खोलीत कुणाचं बाळ रडलं की तिचा गाऊन भिजायचा. ती मला म्हणाली, "ताई, मला आजाराचं काही वाटत नाही गं, ती आत्ता काय करत असेल ते सांग." मी रोज रात्री फोन करून सांगते: पेज किती खाल्ली, कितीदा शी झाली, कोणता दात दिसतोय. एकदा मी थोडं गोड करून सांगितलं, तर तिने लगेच ओळखलं. तेव्हापासून जसं आहे तसंच सांगते. छकुली रात्री एकला आणि चारला उठते, बाटली तोंडात घेत नाही, वाटी-चमच्याने पाजावं लागतं, आणि तिच्या आईची ओढणी जवळ असल्याशिवाय झोपत नाही.

तिच्या सासूबाईंनी गुडघे धरत बारा दिवस एकटीने सांभाळलं आहे. दिवसा त्या, संध्याकाळी मी कॉलेजातून आले की मी. सुट्टी मी पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवली आहे. आई, मला तुझ्या रात्री हव्या आहेत. तू तिच्या पलंगाशी बसायला येशील आणि बसू देणार नाहीत. एका वेळी एकच जण, मास्क लावून, हात धुवून, सर्दी असेल तर तेही नाही. तू तिथे खुर्चीवर डोळे पुसत बसण्यापेक्षा इकडे छकुली तुझ्या मांडीवर झोपली आहे, हे मी तिला फोनवर सांगितलं तर ती त्या रात्री झोपेल. सासूबाईंच्या पद्धतीत काही वेगळं दिसलं तरी बोलू नकोस. त्या पोरीच्या भल्यासाठीच करतात.

बाबा, तुमचं काम वेगळं. धाकटीला प्लेटलेट सारख्या लागतात, तीस हजारांच्या वर ठेवायच्या म्हणून. त्या पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, म्हणजे साठवून ठेवता येत नाही, दर दोन-तीन दिवसांनी नवा माणूस हवा. माझे जुने विद्यार्थी येतात. यंत्राला दीड-दोन तास बसतात, ओठांना मुंग्या आल्या की कॅल्शियमची गोळी चघळतात आणि परत जाताना "मॅडम, अजून लागलं तर सांगा" म्हणतात. एकाने डोकं दुखतं म्हणून ॲस्पिरिन घेतली होती, त्याला परत पाठवावं लागलं. तो जिना उतरताना रडत होता. तीन दिवसांनी पुन्हा आला. या पोरांना मी चहाबिस्किटांपलीकडे काही देऊ शकले नाही. आंबिया बहाराची संत्री तोडली असतील तर दोन क्रेट घेऊन या, आणि रक्तपेढीच्या दारात बसून एकेकाला हाताने द्या. आपल्या गावातली अठराच्या वरची, पन्नास किलोच्या वरची पोरं तयार होत असतील तर त्यांची नावं आणि रक्तगट वहीत लिहून आणा.

शेत विकायचं मनात आणू नका. आलंच असेल, मी ओळखते तुम्हाला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. लग्नानंतर तिचं नाव सासरच्या रेशनकार्डावर चढवायचं राहून गेलं, ते अजून आपल्याच कार्डावर आहे. म्हणून आपलं मूळ रेशनकार्ड आणा, झेरॉक्स नको. दवाखान्यात योजनेचे आरोग्यमित्र काउंटरवर बसतात, त्यांच्याशी मी बोलले आहे. बाहेरून लागतं त्यासाठी माझ्याकडे थोडे आहेत, आणि जावयांनी पीएफमधून काढले आहेत.

पपईच्या पानांचा रस कुणी पाठवला तर गोड बोलून परत करा. सोमल चालू असताना दुसरं कसलंच औषध पोटात जायला नको.

पुढचं असं आहे. अजून तीनेक आठवडे दवाखाना. मग घरी, पण सोमलासाठी आठवड्यातले पाच दिवस ये-जा, चार आठवडे घ्यायचं, चार आठवडे सुट्टी, असे चार फेरे. आषाढ उजाडेल. तेवढे दिवस तुम्ही आळीपाळीने इथे राहायचं असं मी धरून चालले आहे. कूलर उन्हाळ्याच्या आधी दुरुस्त करून ठेवते.

तिच्यासमोर रडू आलं तर रडा, त्याला माझी ना नाही. फक्त "तुला काही झालेलं नाही" असं म्हणू नका. तिला सगळं माहीत आहे, तिने स्वतः डॉक्टरांना विचारून घेतलं. तिच्याशी छकुलीचं बोला, जावळाचं बोला. ती घरी आल्याशिवाय जावळ काढायचं नाही, एवढं तिने बजावलं आहे.

आई, ट्रंकेत तुझ्या जुन्या पातळांची गोधडी आहे, आम्ही दोघी जिच्यावरून भांडायचो ती. गरम पाण्यात धुवून, कडक उन्हात वाळवून आण. छकुलीला हवी आहे.

परवा सकाळच्या एसटीने निघा. मी स्टँडवर येते. छकुलीलाही सोबत आणीन, म्हणजे घरी पोचेपर्यंत ती आजीच्या आणि आबाजींच्या ओळखीची होईल.

तुमची,
मोठी