इंग्रजी मुलाखतीची तयारी: पाठ केलेली उत्तरे आणि स्वतःचे काम

प्रति,
मा. संपादक,

विषय : इंग्रजीतून होणाऱ्या नोकरीच्या मुलाखतींसाठी आपल्याकडे होणारी तयारी

महोदय,

सोलापुरात रोजगार मेळावा भरला की किती कंपन्या आल्या, किती तरुणांनी नोंदणी केली आणि कितींना जागेवरच नियुक्तिपत्र मिळाले, याची बातमी आपल्या दैनिकात दुसऱ्या दिवशी असते. ज्यांना ते मिळाले नाही त्यांचे घोडे नेमके कोठे पेंड खाते, हे मात्र त्या बातमीत कधी येत नाही. माझ्या अनुभवाप्रमाणे ते बहुतेकदा इंग्रजीतून होणाऱ्या पाच-सात मिनिटांच्या बोलण्यात अडलेले असते. मी येथील एका सूतगिरणीच्या कार्मिक विभागात बरीच वर्षे काम केले आणि टेबलाच्या अलीकडे बसून असंख्य मुलाखती घेतल्या. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी शहराच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगूभाषक विणकरांच्या वस्तीतल्या, एका अभ्यासिकेत मी मुलांच्या सराव मुलाखती घेतो. तेथे जे दिसते त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, आमची मुले इंग्रजीत जितकी कच्ची आहेत त्याहून अधिक ती चुकीच्या तयारीमुळे मागे पडतात. ती दुसऱ्याने लिहिलेली उत्तरे पाठ करतात आणि स्वतः केलेल्या कामाविषयी एक वाक्यही तयार ठेवत नाहीत.

एका रविवारी ओळीने सहा मुले माझ्यासमोर बसली. ‘टेल मी अबाऊट युवरसेल्फ’ म्हटल्यावर सहाही जणांनी ‘मायसेल्फ’ने सुरुवात करून आपण ‘हार्डवर्किंग’, ‘सिन्सिअर’ आणि ‘टीम प्लेअर’ असल्याचे याच क्रमाने सांगितले. उणीव कोणती असे विचारल्यावर चौघांनी ‘मी कामात फार परिपूर्णता शोधतो’ हे एकच उत्तर दिले. सगळी एकाच शिकवणीची होती हे उघड होते. माझ्या पुतणीनेही अशाच एका वर्गाला पंचेचाळीस दिवसांचे पैसे भरले होते. तिच्या हाती बारा झेरॉक्स पानांची पुस्तिका आली आणि शेवटच्या दिवशी सर्वांचा एकत्र फोटो निघाला. मुलाखत घेणाऱ्याच्या कानांना हे उतारे इतके सवयीचे झालेले असतात की तिसऱ्या वाक्याला त्याचे लक्ष पुढच्या अर्जाकडे गेलेले असते.

हे मी इतरांना दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण मीही त्याच वाटेने गेलो होतो. मराठी माध्यमातून शिकून १९८४ साली पहिल्या मुलाखतीसाठी रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो, तेव्हा मी दोन पानांचे आत्मनिवेदन घोकून ठेवले होते. समोरच्या गृहस्थांनी सौजन्य म्हणून ‘हाऊ वॉज युवर जर्नी?’ एवढेच विचारले. प्रवास या शब्दावरून मला माझे आत्मनिवेदनच विचारले आहे असे वाटले आणि मी जन्मगावापासून सुरुवात केली. शाळेच्या पारितोषिकापर्यंत पोहोचलो तेव्हा दुसऱ्या गृहस्थांनी पाण्याचा पेला पुढे केला. ती नोकरी मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

आता दुसरी बाजू सांगतो. त्या सहांपैकी एका मुलाचे वडील यंत्रमागावर आहेत आणि तोही सुट्टीत चादरीच्या कारखान्यात जातो. कारखान्याचा उल्लेख त्याच्या अर्जात नव्हता, कारण त्याला त्याची लाज वाटत होती. मी त्याला मराठीतून विचारले की, तेथे तू नेमके काय करतोस? त्यानंतर दहा मिनिटे तो थांबला नाही. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, तिच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याचे एकेक कार्ड पाडतात, कार्डाला जेथे भोक असते तेथला जेकार्डचा, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रणेचा, हुक वर जातो, त्याबरोबर ताण्याचे म्हणजे उभे धागे उचलले जातात आणि मधून बाणा म्हणजे आडवा धागा निघून जातो, हे सर्व त्याने हातवारे करून सांगितले. मग म्हणाला, ‘सर, एकदा चादरीतल्या मोराची मान प्रत्येक वेळी त्याच जागी तुटत होती. सगळे सूत बदलायला निघाले होते. मी म्हटलं, सूत खराब असतं तर चूक कुठेही आली असती. दर मोरात तिथंच येते, म्हणजे कार्डात घोळ आहे. एक कार्ड फाटलेलं निघालं.’

‘तुम्ही सोडवलेली एखादी अडचण सांगा’ हा प्रश्न पुण्यातल्या बहुतेक कंपन्या विचारतात, आणि त्याचे याहून चांगले उत्तर मी अभियांत्रिकीच्या पदवीधरांकडूनही क्वचितच ऐकले आहे. आम्ही त्याच बैठकीत ते इंग्रजीत आणले. ‘द सेम फॉल्ट केम इन एव्हरी डिझाइन. सो आय चेक्ड द कार्ड्स, नॉट द यार्न. वन कार्ड वॉज टॉर्न. आय चेंज्ड इट.’ चार लहान वाक्ये झाली आणि त्यांतला एकही शब्द त्याला नवीन नव्हता. परिस्थिती, आपल्यावरचे काम, आपण काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला, असा उत्तराचा एक साचा हल्ली शिकवला जातो. साचा चांगलाच आहे, पण त्यात ओतायला स्वतःचे काही नसेल तर तोही पाठांतराचा नवा धडा होतो.

मराठीत आणि हिंदीत विचार करणाऱ्यांच्या काही अडचणी खास त्या भाषांमुळे येतात, आणि कोणत्याही पुस्तिकेत त्या नीट सांगितलेल्या मला आढळल्या नाहीत. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि सांगण्याची रीतही तशीच आहे. ‘घरी आई आजारी होती, त्यात दादाची बदली झाली, म्हणून एक वर्ष गॅप पडला’ असे आपण कारणांकडून निष्कर्षाकडे जातो. इंग्रजीतून मुलाखत घेणारा निष्कर्षाची वाट पाहत असतो आणि तो येण्याआधीच पुढचा प्रश्न टाकतो. म्हणून मी मुलांना पहिल्या वाक्यात उत्तर द्यायला आणि कारण नंतर सांगायला लावतो. एवढ्या एका बदलाने बोलणे निम्म्याने सुधारते.

दुसरी अडचण काळाची. ‘मी प्रोजेक्ट केला होता’ किंवा ‘मैंने प्रोजेक्ट किया था’ हे जसेच्या तसे नेले की ‘आय हॅड डन द प्रोजेक्ट’ होते. तेथे साधे ‘आय डिड’ पुरते. ‘तीन वर्षांपासून काम करतोय’ याचे ‘आय ॲम वर्किंग सिन्स थ्री इयर्स’ होते. तेथे ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर थ्री इयर्स’ हवे. ‘मला दोन बहिणी आहेत’ याचे ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ करणारेही पुष्कळ भेटतात. अशा सात-आठ चुकांवर महिनाभर लक्ष ठेवले तर त्या जातात. त्यासाठी संपूर्ण व्याकरण पुन्हा शिकण्याची गरज नाही.

आकड्यांकडे तर कोणाचेच लक्ष नसते. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत एकक आधी बोलले जाते, इंग्रजीत दशक आधी येते. त्यात आपले ‘एकोण’ आणि हिंदीचे ‘उन’ हे प्रकरण वेगळेच आहे. एकोणसत्तर टक्के मिळवलेला एक मुलगा घाईत ‘सेव्हन्टी नाइन’ म्हणून गेला. समोरच्याने गुणपत्रिका पाहिली आणि पोरगा खोटे बोलतो असा त्याचा समज झाला. आपले गुण, उत्तीर्ण होण्याचे वर्ष, भ्रमणध्वनी क्रमांक आणि अपेक्षित पगार हे चार आकडे इंग्रजीत जिभेवर बसवावेत, असे मी तेव्हापासून पहिल्याच दिवशी सांगतो.

आमच्याकडे येणाऱ्या मुलींत रेल्वेतील एका कर्मचाऱ्याची मुलगी आहे. सोलापूर हे मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय असल्यामुळे उत्तरेकडची बरीच कुटुंबे येथे राहतात. तिचे शिक्षण दहावीपर्यंत गावाकडे हिंदी माध्यमात झाले आणि नंतर ती वडिलांकडे येथे आली. तिला मराठी चांगले समजते, तिचे इंग्रजी वाचन माझ्यापेक्षा जलद आहे, परंतु ‘स्कूल’ आणि ‘स्टेशन’ म्हणताना तिच्या तोंडी ‘इस्कूल’ आणि ‘इस्टेशन’ येत असे. एका मुलाखतीत समोरचे दोघे हसले आणि त्यानंतर तिने बोलणेच कमी केले. शब्दाच्या सुरुवातीला जोडलेला ‘स’ आला की त्याआधी ‘इ’ घेणे ही हिंदी पट्ट्यातल्या अनेकांची सवय आहे, आणि तिच्यावरचा उपायही सोपा आहे. आधी नुसता ‘स्स्स’ असा आवाज लांबवायचा आणि न थांबता त्याला ‘टेशन’ जोडायचे. तिने हे पंधरा दिवस गाडीच्या उद्घोषणांबरोबर म्हणून पाहिले. हेल बदलण्याची मात्र मला कधीच गरज वाटलेली नाही. पुण्याहून चार महिन्यांनी परतलेला एखादा मुलगा विलायती हेल काढून बोलू लागला की त्याचे निम्मे बोलणे आम्हाला कळत नाही, आणि साहेबालाही कळत नसावे.

हिंदीभाषक मुलांपुढे आणखी एक फसवा आधार असतो. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत हिंदी चालते, मुलाखत घेणाराही मध्येच हिंदीत बोलतो, त्यामुळे अडलो तर हिंदीत सांगू असे त्यांना वाटते. एखादा शब्द अडल्यास परवानगी घेऊन तो हिंदीत म्हणण्यात काही गैर नाही. पण परदेशी ग्राहकाशी बोलायचे काम असेल तर हिंदीत केलेली सुटका गुणपत्रकात मोजली जाते, हे आधी माहीत असावे.

खरे तर भाषांची भीती सोलापूरकराला असण्याचे कारणच नाही. पूर्व भागातला मुलगा घरी तेलुगू बोलतो, शाळेत मराठी, चौकात दखनी हिंदी, आणि अक्कलकोटकडचा गिऱ्हाईक आला की कानडीत भाव सांगतो. हाच मुलगा माझ्यासमोर मान खाली घालून ‘मला लँग्वेज जमत नाही’ म्हणतो. या चारही भाषा त्याला आल्या त्या चुका करत, आणि त्या चुकांना कोणी गुण कापले नाहीत.

राज्यातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून सुरू झाले, म्हणजे आज पदवी घेणारा प्रत्येक विद्यार्थी पंधरा वर्षे इंग्रजी शिकलेला आहे. तरीही तो बोलत नाही, कारण त्याला बोलायला कोणी लावलेच नाही. दहावीला भाषेच्या शंभर गुणांपैकी वीस तोंडी परीक्षेचे असतात. ते वीस गुण किती मिनिटांत आणि किती उदारपणे दिले जातात, हे पालक आणि शिक्षक दोघांनाही ठाऊक आहे. महाविद्यालयांत ‘प्लेसमेंट’ची तयारी शेवटच्या वर्षी, कंपनी येण्याच्या आधीच्या आठवड्यात सुरू होते. त्याऐवजी पहिल्या वर्षापासून आठवड्यातला एक तास फक्त बोलण्याला द्यावा आणि विषय पाठ्यपुस्तकाबाहेरचा, स्वतःच्या कामाचा किंवा घरच्या व्यवसायाचा असावा, अशी माझी सूचना आहे. सोलापूर विद्यापीठ २००४ साली फक्त या एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले. येथील मुलांच्या अडचणी पाहून असा तास ठरवणे त्याला मोठ्या विद्यापीठांपेक्षा सोपे जावे.

नोकरी देणाऱ्यांनाही एक विचारावेसे वाटते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिणाऱ्या उमेदवाराला मुलाखतही मराठीतून देता येते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांसाठी मुलाखतच बंद केली आहे. जो जिल्हाधिकारी होणार त्याला मराठी चालते, मग येथील औद्योगिक वसाहतीतल्या भांडारपालाच्या जागेसाठी, जेथे दिवसभर हमाल, ट्रकचालक आणि पर्यवेक्षक यांच्याशीच बोलायचे आहे, तेथे अर्धा तास इंग्रजी कशासाठी? परदेशी पत्रव्यवहार असेल तर इंग्रजी जरूर तपासावे, पण जेवढे काम तेवढेच. मी स्वतः नोकरीत असताना ही चूक केलेली आहे. इंग्रजीत अडखळलेल्या एका जॉबरला, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाला, मी नाकारले, आणि वर्षभराने शेजारच्या गिरणीत त्याच्या हाताखालचा विभाग आमच्यापेक्षा चांगला चालताना पाहिला.

तोवर मुलांनी काय करावे, तर रोज दोन मिनिटे भ्रमणध्वनीवर स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकावे. पहिले आठ दिवस ते ऐकवत नाही, हे मान्य. ज्या जागेसाठी अर्ज केला तिचे वर्णन आधी मराठीत समजून घ्यावे. प्रश्न कळला नाही तर ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन’ असे निःसंकोच म्हणावे. त्याचे गुण कोणी कापत नाही, मात्र न कळलेल्या प्रश्नाला आत्मविश्वासाने दिलेले उत्तर काय करते ते मी वर सांगितलेच आहे. आणि पुण्याला जाताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये चार तास पुस्तिका घोकण्याऐवजी शेजारच्या मित्राला आपल्या कामाबद्दल इंग्रजीत सांगावे, डब्यातले लोक पाहत असले तरी.

चादरीच्या कारखान्यातल्या त्या मुलाने अर्जात आता ‘जेकार्ड मागावर तीन सुट्ट्या काम’ अशी ओळ घातली आहे. रेल्वे वसाहतीतल्या मुलीची पुढील महिन्यात पुण्यात मुलाखत आहे आणि ती पुन्हा बोलू लागली आहे. आमच्या अभ्यासिकेत मुले पुष्कळ येतात. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणारा मात्र मी एकटाच आहे. शहरातील निवृत्त बँक अधिकारी, प्राध्यापक, रेल्वेतील अधिकारी यांनी आपापल्या भागातल्या वाचनालयात किंवा अभ्यासिकेत महिन्यातून दोन रविवार द्यावेत, ही या पत्राद्वारे विनंती आहे. इंग्रजी फर्डे असण्याची अट नाही. मुलगा वाक्य जुळवत असताना पंधरा सेकंद गप्प बसता आले पाहिजे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी,
जुळे सोलापूर