पहिली मदत ट्यूबवरून

संपादक महोदय,

२०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५. आमच्या गल्लीत पहिल्यांदा पोचली ती तालमीतली पोरे. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी बांधून त्यांनी माझ्या आईला बाहेर काढले. बोट दुसऱ्या दिवशी आली.

यात नवल सांगलीचेच नाही. अमेरिकेत १९६३ साली ओहायो स्टेट विद्यापीठात आपत्ती संशोधन केंद्र निघाले. शीतयुद्धाचे दिवस, हल्ला झाला तर लोक सैरभैर होतील, ही सरकारची धास्ती. केंद्राचे एक संस्थापक, समाजशास्त्रज्ञ क्वारंटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पूर-भूकंपांत दिसले ते उलटेच. बहुतेक माणसे भानावर असतात आणि आधी शेजारीच धावतो. आपल्याकडे १९९३ च्या किल्लारी भूकंपाने डोळे उघडले, २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, भर मदतवाटपावरून पूर्वतयारीवर गेला. निदान कागदावर.

मग मान्सूनपूर्व बैठकीला या पोरांना का बोलावत नाहीत? दोरखंड, लाइफ जॅकेट तालमीतच ठेवायला काय हरकत आहे? सध्या तिथे खुंटीला तीच ट्यूब लटकते आहे, दोन ठिगळांची.

– एक वाचक, गावभाग, सांगली