गेमच्या श्रेयनामावलीत नाव येणं हा कामगाराचा हक्क आहे

प्रति,
मा. कामगार मंत्री

विषय: व्हिडिओ गेम बनवणाऱ्या प्रत्येकाचं नाव श्रेयनामावलीत देणं कायद्याने बंधनकारक करण्याबाबत

महोदय,

गेम संपला की पडद्यावर नावं वर सरकायला लागतात. बहुतेक खेळणारे तेव्हा बटण दाबून पुढे जातात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्या रात्री मी मात्र जागची हलले नाही. ज्या गेमवर मी एकोणीस महिने काम केलं होतं, त्याची नावं अकरा मिनिटं सरकत होती. संचालक आले, विक्री विभाग आले, जाहिरातवाले आले, गेम तयार होत असताना कर्मचाऱ्यांच्या घरी जन्मलेल्या बाळांची नावंही आली. माझं नाव आलं नाही. आम्ही सहा जण टेस्टिंगला एका रांगेत बसायचो, त्यातल्या चौघांची नावं नव्हती. आमचं कंत्राट गेम बाजारात येण्याच्या नऊ आठवडे आधी संपलं होतं आणि कंपनीचा नियम असा, की गेम बाहेर पडेल त्या दिवशी जो पगारपत्रकावर असेल त्याचंच नाव लागणार.

हे पत्र लिहितानाही मला त्या गेमचं किंवा कंपनीचं नाव घेता येत नाही, कारण गोपनीयतेचा करार अजून लागू आहे.

टेस्टर म्हणजे दिवसभर गेम खेळायचे पैसे मिळणारा माणूस, असा एक समज आहे. म्हणून आमचं काम कसं असतं ते आधी सांगते. त्या गेममध्ये एका बंद पडलेल्या खाणीत उतरणारी लिफ्ट आहे. खेळाडूच्या हातात कंदील असतो. लिफ्ट थांबताना कोपऱ्यात उभं राहून कंदील खाली ठेवला आणि त्याच वेळी दार उघडलं, तर पात्र जमिनीतून आरपार पडायचं आणि पडतच राहायचं. हे दर वेळी होत नव्हतं. तीस वेळा करून पाहिलं तर एकदा व्हायचं. प्रोग्रामरला ‘कधीकधी होतं’ सांगून भागत नाही. काय केलं की होतं, ते पायरी-पायरीने लिहून द्यावं लागतं. मी तीन दिवस त्या लिफ्टमध्ये होते. वर, खाली, कंदील, दार. डावा कोपरा, उजवा कोपरा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उलगडा झाला: कंदील पुरता टेकायच्या आत दार उघडलं, तर पात्र कंदिलावरच उभं आहे असं गेम धरून चालायचा, आणि कंदील सरकला की पायाखालचं सगळंच जायचं.

त्या तीन दिवसांत आणखी एक गोष्ट लक्षात आली. लिफ्ट थांबल्याचा दणका बसला की लगेच संगीत सुरू व्हायचं आणि भीती तिथेच ओसरायची. अहवालाच्या शेवटी मी एक ओळ लिहिली, की खेळाडू स्वतःहून कंदील उचलत नाही तोवर संगीत सुरू करू नये. डिझायनरने करून पाहिलं आणि तसंच ठेवलं. त्या जागेवरच्या शांततेबद्दल खेळणारे आजही भरभरून लिहितात. मी ते वाचते. ती सूचना माझी होती, असं मला कुठेही म्हणता येत नाही.

‘नावाचं एवढं काय, पगार तर मिळाला ना?’ असं आपल्याला वाटू शकेल. आमच्या धंद्यात श्रेयनामावली हाच अनुभवाचा दाखला असतो. नव्या नोकरीला गेलं की पहिला प्रश्न येतो, कोणते गेम बाहेर आणले? नाव नसेल तर तेवढी वर्षं जणू घडलीच नाहीत. केलेलं काम दाखवायचं म्हटलं तर करार आडवा येतो. आणि पत्र लिहायला मला बसवलं ते याच्याही पुढच्या गोष्टीने: नाव देणं न देणं कंपनीच्या मर्जीवर असल्यामुळे तेच नाव माणसाला बांधून ठेवायची दोरी होतं.

गेम पूर्ण होत आला की शेवटचे काही महिने ‘क्रंच’ सुरू होतो. रोजचे बारा-चौदा तास, शनिवार धरलेलाच, पुढे रविवारही. आमच्या शेजारच्या विभागात एक ॲनिमेटर होता. चार वर्षं त्याने त्या गेमला दिली होती. पात्रं चालताना खांदा कसा टाकतात, दमल्यावर भिंतीला हात कसा लावतात, ते त्याचं काम. क्रंचच्या पाचव्या महिन्यात त्याचं उजवं मनगट इतकं दुखायला लागलं की त्याला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. त्याने राजीनाम्याचं बोलणं काढलं तेव्हा वरिष्ठांनी अगदी आपुलकीने समजावलं, की आत्ता गेलास तर नाव जाईल, थोडेच दिवस राहिलेत. तो मनगटाला पट्टा बांधून, डाव्या हाताने माऊस धरून आणखी तीन महिने बसला. त्याच्यावर कोणी आवाज चढवला नव्हता. नाव जाईल, एवढं सांगणं पुरेसं झालं.

ही रीत आजची नाही. 1970च्या दशकाच्या शेवटी अटारी कंपनीत गेम एकेक माणूस एकट्याने लिहायचा, पण खोक्यावर त्याचं नाव यायचं नाही. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने ‘ॲडव्हेंचर’ लिहिताना त्यात एक गुप्त खोली ठेवली. एक जवळपास न दिसणारा राखाडी ठिपका उचलून नेला की तिचा रस्ता मोकळा व्हायचा आणि आत लिहिलेलं असायचं, की हा गेम वॉरन रॉबिनेटने तयार केला. हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. तो नोकरी सोडून गेला आणि मागाहून एका मुलाने कंपनीला पत्र लिहून ती खोली सापडल्याचं कळवलं. कंपनीने ती तशीच राहू दिली, कारण गेम ज्या डबीत विकला जायचा त्या कार्ट्रिजमधली चिप बदलायला बराच खर्च आला असता. आज खेळणारे अशा लपवलेल्या गमतींना कौतुकाने ‘ईस्टर एग’ म्हणतात. मला त्या खोलीत, स्वतःच्याच कामावर चोरून सही करावी लागलेला एक नोकरदार दिसतो. त्याच अटारीतून 1979 मध्ये चार प्रोग्रामर श्रेय आणि मोबदला या दोन्हींवरून बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन ही स्वतःची कंपनी काढली. तिथे गेम बनवणाऱ्याचं नाव छापायला सुरुवात झाली.

पुढे याच ॲक्टिव्हिजनचं नाव मिरवणाऱ्या अवाढव्य कंपनीने 2018 हे विक्रमी कमाईचं वर्ष गेल्याचं सांगितलं आणि त्याच वेळी, 2019च्या फेब्रुवारीत, सुमारे 8 टक्के म्हणजे जवळपास 800 माणसं कमी केली. जपानमधल्या टँगो गेमवर्क्सच्या ‘हाय-फाय रश’ची 2023 मध्ये सगळीकडे वाहवा झाली, 2024च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओच बंद करत असल्याचं जाहीर केलं. नंतर दुसऱ्या कंपनीने तो घेतला म्हणून वाचला. या धंद्यात गेम पडला तर नोकरी जाते, आणि चालला तरी राहील याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी माणसाच्या हाती उरतं ते त्याचं नाव, तेही दुसऱ्याच्या मर्जीवर.

‘एल. ए. नोआर’ हा गेम 2011 मध्ये आला तेव्हा त्यावर राबलेल्या शंभराहून जास्त माणसांची नावं एकतर गाळलेली होती किंवा चुकीची होती. तिथल्या माजी कर्मचाऱ्यांना आपली यादी स्वतःच प्रसिद्ध करावी लागली. 2023 मध्ये ‘मेट्रॉइड प्राइम’ नव्या रूपात आला तेव्हा मूळ गेम घडवणाऱ्यांचा उल्लेख ‘मूळ आवृत्तीचे कर्मचारी’ अशा एका ओळीत आटोपला, मूळ नावं आली नाहीत. हे खोडसाळपणाने होतं असं मी म्हणणार नाही. ज्याला रोखणारा नियम नाही, ते हातून सहज घडतं.

इतकं राबवून निदान गेम तरी चांगला होतो का? सीडी प्रोजेक्ट रेड या पोलंडमधल्या कंपनीने 2019 मध्ये आपल्या ‘सायबरपंक 2077’ या गेमसाठी कोणावर क्रंचची सक्ती करणार नाही असं सांगितलं होतं. 2020 मध्ये सहा दिवसांचा आठवडा सक्तीचा झाला. जादा कामाचे पैसे दिले गेले, हे खरं. 10 डिसेंबरला गेम आला आणि त्यात इतके दोष निघाले की जेमतेम आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून घेतला आणि लोकांचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली. टेस्टर म्हणून मला त्याचं नवल वाटलं नाही. तेराव्या तासाला माझ्या डोळ्यांसमोर बग, म्हणजे गेममधला दोष, घडतो आणि मला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच बग पहिल्या दहा मिनिटांत सापडतो.

कंपन्यांचे आक्षेप मला पाठ आहेत. नावं जाहीर केली तर प्रतिस्पर्धी माणसं पळवतील, असं म्हणतात. जपानी कंपन्यांनी 1980च्या दशकात याच भीतीने कर्मचाऱ्यांना टोपणनावांनी श्रेय दिलं होतं. पण चांगल्या माणसाला चांगली नोकरी मिळू नये म्हणून त्याचं काम झाकून ठेवायचं, हे कारण आपल्या खात्याला मान्य होऊ नये. दुसरा आक्षेप खर्चाचा. अटारीच्या काळात चिप बदलणं महाग होतं हे मान्य. आज गेम बाहेर आल्यावर पहिल्याच आठवड्यात दुरुस्त्यांचं अपडेट निघतं आणि त्यात शंभर बदल असतात. त्यात राहिलेली नावं घालणं हे एका माणसाचं एका दुपारचं काम आहे.

नाव कोणाचं लावायचं हे मालकाच्या हातात नसलं तरी धंदा नीट चालतो, याचं उदाहरण शेजारीच आहे. हॉलिवूडमध्ये पटकथेचं श्रेय कोणाला, याचा वाद झाला तर निवाडा निर्मात्याने करायचा नसतो, तो लेखकांच्या संघटनेच्या लवादाने करायचा असतो. गेममध्येही श्रेय कसं द्यावं याची मार्गदर्शक तत्त्वं गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केव्हाच तयार केली आहेत. ती ऐच्छिक आहेत. म्हणूनच आपल्याकडे यावं लागलं.

‘हा विषय सांस्कृतिक खात्याचा’ असा शेरा मारून फाईल पुढे सरकवली जाऊ नये, ही माझी पहिली विनंती. 2004 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन गेम कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या होणाऱ्या बायकोने, एरिन हॉफमनने, आपल्या माणसाच्या कामाच्या तासांबद्दल निनावी लिहिलं. त्याच सुमारास जादा कामाच्या पैशांसाठी लोक कोर्टात गेले आणि कंपनीला कलाकारांना 1 कोटी 56 लाख आणि प्रोग्रामरना 1 कोटी 49 लाख डॉलर द्यायचं मान्य करावं लागलं. तिथे वाद संस्कृतीचा नव्हता, मजुरीचा होता. श्रेयाचा प्रश्न मी त्याच दारात घेऊन आले आहे.

नियम साधा असावा. ज्याने गेमवर महिनाभर काम केलं, त्याचं नाव लागलं पाहिजे, मग तो कायम असो की कंत्राटी, शेवटपर्यंत राहिलेला असो की आजारपणामुळे मध्येच गेलेला. तोच गेम दुसऱ्या यंत्रासाठी किंवा नव्या रूपात पुन्हा काढला तरी मूळ नावं तशीच राहावीत. गेम बाहेर आल्यावर, आणि रद्द झाला तर ठरावीक मुदतीनंतर, माणसाला स्वतःचं काम दाखवायची मुभा असावी. गोपनीयतेच्या करारातलं याच्या उलटं कलम रद्द समजावं. कामाच्या तासांची नोंद रोज व्हावी आणि ती कर्मचाऱ्याला पाहता यावी. नाव गाळलं तर दाद कोणाकडे मागायची ते कायद्यात लिहिलेलं असावं, नाहीतर बाकीचं सगळं कागदावरच राहील.

रेव्हन सॉफ्टवेअर या अमेरिकन गेम स्टुडिओत 2021च्या डिसेंबरमध्ये काही टेस्टरना कमी करायचं ठरलं तेव्हा बाकीच्यांनी काम थांबवलं, आणि 2022च्या मे महिन्यात तिथल्या टेस्टरनी 19 विरुद्ध 3 मतांनी संघटना स्थापन केली. त्या गटात 28 जण होते. आम्ही त्याहूनही थोडे आहोत आणि बहुतेकांची कंत्राटं सहा-सहा महिन्यांची आहेत, म्हणून सध्या पत्रच लिहू शकतो.

आपण वेळ दिलीत तर आम्ही भेटायला येऊ. तो ॲनिमेटरही येईल, त्याने तसं कबूल केलं आहे. तो आता दुसऱ्या क्षेत्रात काम करतो. पगाराच्या पावत्या, हजेरीच्या नोंदी आणि करारांच्या प्रती आणू. करार आपल्याला दाखवायला हरकत नाही, असं वकिलांनी सांगितलं आहे. त्यातलं श्रेयाबद्दलचं कलम आधी वाचावं. ते दोन ओळींचं आहे आणि त्यानुसार नाव द्यायचं की नाही, हे सर्वस्वी कंपनीने ठरवायचं आहे.

आपली,
एक गेम टेस्टर