सही करायच्या आधी हे वाच

प्रिय बाब्या,

रिपोर्टचे फोटो मिळाले, वाकडे काढलेस पण वाचता आले. एल-४ एल-५ ला (कमरेतला चौथा-पाचवा मणका) ग्रेड वन लिस्थेसिस, म्हणजे वरचा मणका खालच्यावरून जरासा पुढे सरकलाय आणि तिथेच नसांची नळी अरुंद होऊन नसा दाबल्या जातायत. सर्जन म्हणाले स्क्रू टाकून फ्युजन करूया, म्हणजे ते दोन मणके कायमचे जोडून टाकूया, आणि तू विचारतोयस रिस्क किती. मी सर्जन नाही हे तुला माहितीच आहे. माझ्याकडे फोंड्याला ऑपरेशन झाल्यानंतरची माणसं येतात, त्यातही कुरकुरणारी जास्त (ठणठणीत झालेला फिजिओकडे कशाला येईल), त्यामुळे माझं बोलणं थोडं एका बाजूला कललेलं असणार हे धरूनच वाच.

आधी मला एक सांग, तुझं दुखतं कुठे? कंबर की पाय? मेसेजमध्ये तू दोन्ही एकत्र करून टाकलंयस. कुळागरात (पोफळीच्या बागेत) चढ चढताना पोटऱ्या भरून येतात, पाय जड होतात, आणि जरा वाकून उभा राहिलास किंवा बांधावर बसलास की सुटतं, असं असेल तर ते नसांचं दुखणं. नसांवरचा दाब काढला की ते बहुतेकांचं बऱ्यापैकी जातं. पण नुसती कंबरच धरत असेल, तर फ्युजनचा भरवसा बराच कमी. २००३ साली नॉर्वेत ६४ जणांवर ट्रायल झाली होती, जुनी कंबरदुखी आणि दोन मणक्यांमधली गादी झिजलेले लोक, काहींना फ्युजन, बाकीच्यांना व्यायाम आणि नीट समजावून सांगणं, वर्षानंतर दोन्हीकडे जवळपास सारखाच फरक. आणि म्हणून मला विचारशील तर सगळ्यात मोठी रिस्क सहीच्या कागदावर छापलेलीच नसते: ऑपरेशन मस्त होतं, एक्स-रेत स्क्रू एकदम सरळ, डॉक्टर खूश, आणि माणसाचं दुखणं आहे तिथेच.

आता कागदावरच्या गोष्टी. इन्फेक्शन शंभरात साधारण एक ते चार जणांना होतं, पण तो आकडा सगळ्यांचा मिळून, आणि तुझी शुगर बघता तू त्यातल्या वरच्या टोकाला. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) आधी खाली आण, बहुतेक सर्जन साडेसात-आठच्या आत असल्याशिवाय तारीख देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, कारण स्क्रू-रॉडवर जंतू एकदा बसले की नुसत्या गोळ्यांनी जात नाहीत, परत उघडून धुवावं लागतं, अँटिबायोटिक कित्येक आठवडे. टाक्यांतून पाणी येणं, ताप, कमी होत आलेलं दुखणं परत वाढणं, असलं काही झालं तर फोनवर कोणाला विचारत बसायचं नाही, जाऊन दाखवायचं. नसांभोवतीच्या आवरणाला कधीकधी छेद जातो, आतलं पाणी झिरपतं, मग उठून बसलं की डोकं फुटतं आणि आडवं झालं की थांबतं. बहुतेक वेळा तिथल्या तिथे शिवतात आणि थोडे दिवस झोपवून ठेवतात, त्याला फार घाबरू नको. नसेलाच इजा होऊन पाऊल लुळं पडणं दुर्मिळ, पण होतं, मी बघितलंय. पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हाही एक प्रकार, म्हणून तर दुसऱ्याच दिवशी आम्ही लोक येऊन तुला चालवतो आणि तू आम्हाला शिव्या देणार.

बिडीचं मात्र मला नीट बोलायचंय. लोकांना वाटतं स्क्रू टाकले म्हणजे झालं. स्क्रू-रॉड हे स्लॅबखालचं सेंट्रिंग आहे रे, काँक्रीट सेट होईपर्यंत धरून ठेवायला. खरा जोड तुझ्याच हाडाने धरायचा असतो आणि त्याला सहा महिने, कधी वर्षही लागतं. निकोटिनने रक्तपुरवठा कमी होतो, हाड धरत नाही, मग सगळा भार स्क्रूवर, आणि लोखंड असो की टायटॅनियम, रोज वाकवलं की कधीतरी सैल होणार नाहीतर तुटणार. की मग दुसरं ऑपरेशन, तेही जुन्या व्रणातून, जास्त रक्त, जास्त रिस्क. तेव्हा बिडी आधी कमीत कमी महिना-दीड महिना बंद आणि नंतर हाड धरेपर्यंत बंद. तंबाखू चघळणंही त्यातच आलं, "ओढत तर नाही ना" हे मला सांगू नको. आणि दुखतंय म्हणून मेडिकलमधून मनाने पेनकिलर आणू नको, त्यातल्या काही हाड भरण्याच्या आड येतात असं बऱ्याच सर्जनांना वाटतं, विचारून घे.

शिवाय दोन मणके जोडले की त्यांची हालचाल शेजारचे करतात. मग काही वर्षांनी वरची किंवा खालची गादी झिजून तिथे त्रास सुरू होतो. दर वर्षी शंभरात दोन-तीन असा आकडा सांगतात, ऐकायला कमी वाटतो पण तू पन्नाशीत आहेस, पुढची वीस वर्षं मोज.

एवढं वाचून "म्हणजे करूच नको" असं समजू नकोस. १९११ मध्ये न्यूयॉर्कला हिब्ज आणि अल्बी या दोघांनी वेगवेगळं हे सुरू केलं, मणक्याच्या टीबीसाठी, आणि आजही मणका खरोखर हलत असेल, मोडला असेल, वाकत चालला असेल तर बऱ्याचदा हेच करावं लागतं. प्रश्न तुझ्यासारख्यांचाच आहे, थोडा सरकलेला, नळी अरुंद. त्यावर २०१६ ला एकाच वेळी दोन ट्रायल छापून आल्या, स्वीडनवाले म्हणाले नुसता दाब काढला तरी दोन वर्षांनी तेवढाच फायदा, अमेरिकेवाल्यांना फ्युजनमध्ये थोडा जास्त फायदा दिसला आणि नुसता दाब काढलेल्यांची परत ऑपरेशनं जास्त झाली. पुढे २०२१ ला नॉर्वेच्या २६७ जणांत, सगळे सरकलेल्या मणक्याचेच, नुसता दाब काढणं फ्युजनपेक्षा मागे पडलं नाही. म्हणजे डॉक्टरांचंच एकमत नाही, तर तू घाई कशाला करतोस?

सर्जनना एवढं विचार: माझा मणका हलतो का? त्यासाठी पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढतात, तुझ्या फोटोंत तो दिसला नाही. नसेल हलत तर स्क्रूशिवाय नुसता दाब काढून भागेल का? हाड कुठून घेणार, कमरेच्या कडेचं काढणार असाल तर तिथे किती दिवस दुखेल? चिडले तर चिडू देत. फाईल आणि एमआरआयची सीडी घेऊन बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) दुसरं मत घे, वहिनीला बरोबर ने, कारण तू आत गेलास की "हो डॉक्टर, हो डॉक्टर" करून बाहेर येतोस.

आणि केलंसच तर यंदाच्या चवथीला गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायला चढायचं नाही, केळीचे घड उचलायचे नाहीत, भाच्यांना कामाला लाव.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही, ऑपरेशन ठरो न ठरो. लघवी अडकली, किंवा कळेनाशी झाली, बसतो त्या जागेची संवेदना गेली, दोन्ही पाय ढिले पडले, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन कर आणि थेट बांबोळी, मला वाटेतून कळवलंस तरी चालेल.

तुझा,
भाई