शाल-श्रीफळ झाले, पुढे काय?

संपादक महोदय,

राष्ट्रीय सेवा योजना (एन.एस.एस.) 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झाली. त्या दिवशी, नाहीतर स्नेहसंमेलनात, आपल्या बडोद्यातली कॉलेजे सहयोगी संस्थांचा सत्कार करतात. मंचावर ट्रस्टी येतात, शाल-श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह घेऊन जातात. विद्यार्थ्यांना ज्यांनी सांभाळून घेतले, त्या बालवाडीच्या ताई आणि वृद्धाश्रमातल्या मावशी त्या वेळी कामावरच असतात.

एन.एस.एस.च्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत 240 तास भरायचे असतात. ते भरतात संस्थेच्या जिवावर. नवी मुले आली की कोणत्या आजोबांच्या चहात साखर नको, कोणत्या आजींच्या उजव्या कानाशीच बोलावे लागते, हे मावशी हातातले काम बाजूला ठेवून शिकवतात. मुलांना ते जमू लागते तोवर परीक्षा येते, मग नवी तुकडी, आणि मावशींचे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून खरे आभार जूनमध्येच मानता येतात: अंतर्गत व मुख्य परीक्षा, नवरात्र आणि दिवाळीची सुट्टी यांच्या तारखा लिहून संस्थेला द्याव्यात. मुले न सांगता येईनाशी झाली की संध्याकाळच्या वर्गातली पोरे पाट्या घेऊन वाट बघत बसतात. शिवाय जुन्या तुकडीने नव्या तुकडीबरोबर निदान दोन शनिवार काम करावे. एका दिवसात माणसांची नावेही पाठ होत नाहीत.

आभाराचे पत्र काम संपल्यापासून पंधरा दिवसांत जावे. ‘बहुमोल सहकार्य’ एवढ्यावर भागवू नये. कोणी काय शिकवले, किती मुले किती तास आली, हे नावानिशी लिहावे. ताई गुजराती वाचत असतील तर पत्र गुजरातीत हवे. स्मृतिचिन्हावर नाव कोरण्याआधी ते फोनवर विचारून घ्यावे, कारण चुकलेले नाव कोणी भिंतीवर लावत नाही. कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या फाइलसाठी फोटो काढताना आधी परवानगी घ्यावी आणि दोन-चार छापील प्रती संस्थेला द्याव्यात. तासांच्या कोऱ्या डायरीवर सही मागणे मात्र कायमचे बंद व्हावे. प्रामाणिक संस्थेचा त्याहून मोठा अपमान नाही.

कॉलेजजवळ असते ते द्यावे. वाणिज्य शाखेची मुले संस्थेची व्हाउचर महिनावार लावून देऊ शकतात, पण जानेवारीत. मार्चमध्ये संस्थेचे वर्ष संपत असते आणि मुलांच्या डोक्यावर परीक्षा असते. रविवारी सभागृह मोफत द्यायचे तर किल्ली कोणाकडे आणि त्या दिवशी कामावर शिपाई कोण, हे मंजुरीच्या पत्रातच लिहावे. नाहीतर मंजुरी हातात असते आणि दाराला कुलूप.

सत्कार करायचाच असेल तर जरूर करावा, पण ताईंना बोलवावे. रिक्षाभाडे आधी पोचवावे, त्यांचे नाव ट्रस्टींच्या आधी पुकारावे. त्या दोन-तीन तासांसाठी चार विद्यार्थी बालवाडीत बसवावेत, तेही वर्षभर तिथे काम केलेले. मुले त्यांना ओळखत असतील तरच ताई निर्धास्तपणे निघू शकतील.

— सेवासंस्थांमधील काही कार्यकर्ते, दांडिया बाजार, बडोदे