'डिग्री लागत नाही' ही अर्धीच गोष्ट झाली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअर पुरवणीत इंग्लंडमधे शिक्षक कसं व्हायचं यावर जो लेख आला होता त्यात फर्दर एज्युकेशनच्या, म्हणजे शाळेनंतरच्या पण युनिव्हर्सिटीबाहेरच्या शिक्षणाच्या, वाट्याला एकच ओळ आली होती, "कॉलेजात शिकवायला टीचिंगची डिग्री लागत नाही". ती तेवढी ओळ उचलून आमच्या इकडच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुमाकूळ चाललाय, अमकीला सांगा ती घरीच असते, तमक्याचा आयटीतला जॉब गेलाय त्याला सांगा, सगळ्यांना एकदम शिकवायचंच आहे. मी इथे अशाच एका कॉलेजात मोठ्या माणसांना गणित शिकवते म्हणून म्हटलं लिहावंच. ओळ खोटी नाहीये हो. पण तेवढ्या ओळीवर विसंबून माणूस वर्गात उभा राहिला की त्याचे हाल होतातच, समोर बसलेल्यांचे जास्त होतात. (हे सगळं इंग्लंडपुरतं, स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.)

आधी कॉलेज म्हणजे काय ते. आपलं अकरावी-बारावी किंवा बीकॉमवालं कॉलेज डोळ्यासमोर आणू नका, आयटीआय, नाइट स्कूल आणि प्रौढ शिक्षण एकाच इमारतीत भरवलं तर जे होईल ते. सकाळी सोळा-सतरा वर्षांची पोरं प्लंबिंग, हेअरड्रेसिंग, केअर, गाड्या दुरुस्ती शिकतायत आणि संध्याकाळी त्याच खोल्यांत चाळिशी-पन्नाशीची माणसं, कोणी इंग्लिश शिकायला, कोणी राहिलेलं गणित पास व्हायला. परंपरा जुनी आहे, लंडनमधे जॉर्ज बर्कबेक आणि मंडळींनी कारागिरांसाठी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली ती १८२३ साली, वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन १९०३ पासून चालू आहे. तरी शाळा आणि युनिव्हर्सिटी यांच्यामधे हे क्षेत्र कायम दबलेलं, पेपरात पण त्याला एकच ओळ मिळते, तुमच्याच नाही, इथल्यासुद्धा.

आता नियम. २००७ साली सरकारने नियम केला की कॉलेजात शिकवणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत टीचिंगची क्वालिफिकेशन घ्यायचीच, पीटीएलएलएस, सीटीएलएलएस, डीटीएलएलएस अशी जिभेला गाठ पडेल अशी नावं होती त्यांची. मग २०१२ मधे लॉर्ड लिंगफील्ड यांच्या समितीने म्हटलं की हे सरकारने कायद्याने लादायचं काम नाही, कॉलेजांनी आपापलं बघावं, आणि २०१३ मधे ती सक्ती गेली. म्हणजे कायद्याने आज काहीच लागत नाही, हे खरंय. पण कॉलेजच्या जाहिराती नीट वाचा ना, जवळजवळ प्रत्येकीत लिहिलेलं असतं की टीचिंग क्वालिफिकेशन असावी किंवा नेमणूक झाल्यावर घ्यायची तयारी असावी. सक्ती गेली, अपेक्षा तिथेच आहे, फक्त कोण किती काटेकोर ते कॉलेजप्रमाणे बदलतं. मला विचाराल तर सक्ती काढली ते चुकलंच. शाळेतल्या नऊ वर्षांच्या मुलापुढे उभं राहायला ट्रेनिंग लागतं असं सगळे मानतात आणि ज्याला शाळेने एकदा नापास करून बाहेर काढलंय अशा माणसापुढे उभं राहायला कोणीही चालतो, हे कुठलं लॉजिक?

लेखात अजून एक सुटलंय. इथे तुम्हाला घेतात ते आधी तुमच्या धंद्यासाठी. इलेक्ट्रिकलचा मास्तर हा आधी इलेक्ट्रिशियन लागतो, त्या कामाची क्वालिफिकेशन आणि साइटवरचा अनुभव लागतो, शिवाय स्वतःचं इंग्लिश आणि गणित निदान लेव्हल टू, म्हणजे इथल्या सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेत पास होण्याइतकं, लागतं. त्यामुळे "डिग्री लागत नाही" म्हणजे "काहीच लागत नाही" असं जे ग्रुपवर चाललंय ते सोडा. आणि गंमत अशी की वीस-वीस वर्षं काम केलेली माणसंच सुरुवातीला सगळ्यात जास्त अडखळतात, कारण हाताला इतकं येत असतं की तोंडाने सांगताच येत नाही, "असं धरायचं आणि असं करायचं" म्हणतात आणि मधल्या चार पायऱ्या खाऊन टाकतात, पोरं नुसती बघत राहतात. त्या चार पायऱ्या परत शोधून काढणं हेच तर शिकवणं आणि ते आपोआप येत नाही, कोणीतरी वर्गात मागे बसून तुमचा तास बघावा लागतो आणि नंतर तोंडावर सांगावं लागतं.

मोठ्या माणसांचं तर अजूनच निराळं. १९९९ च्या मोझर रिपोर्टमधे, म्हणजे प्रौढांच्या लिहिण्या-वाचण्या-गणितावरच्या सरकारी अहवालात, एक उदाहरण होतं ते मी नवीन लोकांना नेहमी सांगते, की यलो पेजेस या धंदेवाल्यांच्या फोन डिरेक्टरीची अक्षरानुक्रमे सूची हातात दिली तरी इथल्या दर पाच प्रौढांमागे एकाला प्लंबरचं पान सापडत नाही. आता विचार करा, इंग्लंडसारख्या देशात शाळेत जाऊन आलेली माणसं ही. अशी माणसं वर्गात आली की ती कधीच म्हणत नाहीत मला वाचता येत नाही. म्हणतात चष्मा घरी राहिला, म्हणतात फॉर्म घरी नेऊन भरते, म्हणतात आज डोकं दुखतंय, आणि नवखा शिक्षक भाबडेपणाने ते खरं धरतो किंवा त्याहून वाईट म्हणजे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांगतो. ती व्यक्ती पुढच्या आठवड्यात येत नाही. संपलं. शाळेत मूल निदान परत तरी येतं, त्याला आई-बाप पाठवतात, इथे दार उघडून निघून जायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि प्रत्येकाची पाटी कोरी नसते, उलट भरलेली असते आणि त्यातलं अर्धं वेडंवाकडं असतं. टक्केवारी काढता येत नाही म्हणणारी बाई दुकानातल्या सेलच्या पाटीवरून किती पैसे वाचतात ते तोंडी सांगते, सुतारकाम करणारा माणूस अपूर्णांक म्हटलं की कपाळाला आठ्या घालतो आणि मोजपट्टीवर अर्धा, पाव, अष्टमांश इंच बिनचूक दाखवतो. तिथून सुरुवात करायची, पुस्तकातून नाही. हे ऐकायला सोपं वाटतं पण एका वर्गात चौदा जणं चौदा पायऱ्यांवर, त्यातला एक रात्रपाळी करून आलेला, एकीचा मुलगा आजारी म्हणून फोन हातात, आणि वर कॉलेजला प्रत्येकाची सुरुवातीची चाचणी, प्रत्येकाचं टार्गेट, प्रगतीची नोंद सगळं सिस्टिममधे हवं. ज्यांना वाटतं दोन तास बोलून घरी जाऊ त्यांनी हा पेपरवर्क एकदा बघावा.

दिवसा ती जीसीएसईवाली पोरं वेगळीच. जीसीएसई म्हणजे इथली सोळाव्या वर्षीची शालेय परीक्षा, तिच्यात गणित किंवा इंग्लिशमधे ग्रेड चार, म्हणजे पास, नाही मिळाली तर अठराव्या वर्षापर्यंत तो विषय चालूच ठेवायचा असा नियम आहे, म्हणजे पोरगा आलाय वीटकाम शिकायला आणि आम्ही त्याला परत तेच गणित देतोय ज्यात तो नापास झालाय. तो कुठल्या तोंडाने बसणार सांगा.

बरं, मार्ग कसा आहे ते पण लिहिते म्हणजे नुसती तक्रार नको. पहिली पायरी लेव्हल थ्रीचा अवॉर्ड इन एज्युकेशन अँड ट्रेनिंग, थोड्या आठवड्यांत होतो, त्यात आपल्याच बॅचपुढे निदान १५ मिनिटांचा एक छोटा धडा घ्यायचा असतो त्याला मायक्रोटीच म्हणतात. हा कोर्स हौस भागवायला आणि आपल्याला जमतंय का बघायला उत्तम, पण याला लायसन्स समजू नका, इथेच लोक फसतात. खरी क्वालिफिकेशन लेव्हल फाइव्हचा डिप्लोमा किंवा पीजीसीई (डिग्रीनंतरचा शिक्षकाचा कोर्स), आणि त्यात अडकायला होतं ते असं की कोर्सला शिकवण्याचे तास दाखवावे लागतात, तास हवे तर वर्ग हवा, आणि वर्ग द्यायला कॉलेज विचारतं अनुभव कुठाय. त्यानंतर क्यूटीएलएस, म्हणजे या क्षेत्रातल्या पात्र शिक्षकाचा दर्जा, हा सोसायटी फॉर एज्युकेशन अँड ट्रेनिंग या शिक्षकांच्या संस्थेकडून मिळतो, आणि २०१२ च्या एप्रिलपासून ज्याच्याकडे क्यूटीएलएस आहे त्याला शाळेतसुद्धा पूर्ण पात्र शिक्षक धरतात, मात्र त्या सोसायटीची मेंबरशिप चालू ठेवावी लागते. तुमच्या लेखात हे असायला हवं होतं, कारण आपल्याकडून आलेल्या कित्येकींना हाच रस्ता जास्त सोयीचा पडेल. आपलं बीएड किंवा डिग्री असेल तर यूके एनिक या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या संस्थेकडून ती इथल्या कुठल्या लेव्हलची ते लिहून घ्या, इंटरव्ह्यूमधे विचारतात.

पैशाचं शेवटी बोलते कारण ग्रुपवर तेच पहिलं विचारलं गेलं. शाळेतल्या शिक्षकापेक्षा इथे पगार कमी, हे सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं आहे, आणि नवीन माणसाला बऱ्याचदा तासावर घेतात. तासाचा रेट कागदावर छान दिसतो पण तयारी, तपासणं, ते सिस्टिममधलं भरणं हे सगळं त्यातच आलं, उन्हाळ्यात वर्ग नाहीत तेव्हा ते उत्पन्नही नाही, आणि सप्टेंबरमधे पुरेशी माणसं आली नाहीत तर वर्गच रद्द. घरात दुसरा पगार असेल तर चालतं. नोकरी सोडून याच्यावर उडी मारणाऱ्याने, आणि अशा तासाच्या कामावर व्हिसा निघेल समजणाऱ्याने, जरा थांबावं.

ज्यांना तरीही यायचंय, आणि यावंच असं मला मनापासून वाटतं कारण माणसं कमी पडतायत, त्यांनी कोर्सची फी भरायच्या आधी जवळच्या कॉलेजात किंवा कौन्सिलच्या अडल्ट लर्निंग सेंटरमधे जाऊन विचारावं की इंग्लिशच्या किंवा गणिताच्या वर्गात मदतनीस म्हणून बसू का. तुमची डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदीची, तपासणी करून घेतील, पैसे देणार नाहीत, पण एक टर्म कोणाच्या तरी शेजारी बसून "चष्मा घरी राहिला" हे ऐकलंत की पुढे जायचं का नाही ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल, आणि डिप्लोमासाठी लागणारा वर्गही बहुतेक वेळा अशा ओळखीतूनच मिळतो. पुरवणीत जागा असेल तर निदान एवढं तरी छापा.

आपली,
एक वाचक, इंग्लंड